रंगाआधीचे काम : मीटरगेज डिझेल इंजिनाच्या प्रतिकृतीविषयी काही अनुभव

मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच पटीत लहान करून घडवलेल्या वस्तूला प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात, आणि रेल्वेच्या प्रतिकृतींत जगभर सर्वांत रूढ असलेले प्रमाण १:८७ हे आहे. या प्रमाणासाठी बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. ते युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या रुळांना बरोबर जुळतात, पण भारतीय ब्रॉडगेजला जुळत नाहीत, कारण १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागले असता १९ मिलिमीटरहून थोडे अधिक येतात. मीटरगेजची स्थिती याहून सोयीची आहे. एक मीटर रुंदीचे रूळ या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटरचे होतात आणि १२ मिलिमीटरचे तयार रूळ विकत मिळतात. म्हणून इंदूरच्या हौशी कारागिराने मीटरगेजचे इंजिन निवडले, तर त्याच्या गावाचा इतिहास आणि बाजारातील रूळ या दोहोंचा मेळ बसतो.

हा इतिहास मोठा आहे. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून १८७० च्या दशकात खंडवा-इंदूर मार्ग उभा राहिला आणि पुढे अकोला, खंडवा, इंदूर, रतलाम, अजमेर अशी मीटरगेजची सलग वाट तयार झाली. विदर्भ-मराठवाड्यातील नातलगांकडे जाणाऱ्या इंदूरच्या मराठी कुटुंबांना ही वाट आणि तीवरून धावणारी मीनाक्षी एक्स्प्रेस चांगली परिचयाची होती. याच मार्गावरील पातालपाणी ते कालाकुंड या घाटात चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर अंतरात एक मीटर उंची, असा कठीण आहे. वाफेच्या इंजिनांनंतर तो वायडीएम-४ या वर्गाच्या डिझेल इंजिनांनी पेलला. या वर्गाचा आराखडा अमेरिकेतील अल्को कंपनीचा. आरंभीची इंजिने आयात झाली आणि १९६८ पासून ती वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बनू लागली.

या इंजिनाची प्रतिकृती किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, बांधण्याचा प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रयत्न फसला. रंग देताना दिसून आलेल्या बहुतेक चुका रंगाच्या कितीतरी आधी होऊन गेल्या होत्या, हे त्या प्रयत्नातून ध्यानात आलेले तथ्य येथे सविस्तर मांडले आहे.

संचातील सांगाडा रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या कृत्रिम राळेचा, होता. असा भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्याला आतून तेलकट किंवा सिलिकोनयुक्त द्रव लावलेला असतो आणि त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर भागावर राहतो. तो न धुता प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारे अस्तर, दिले असता ते वरवर उत्तम बसल्यासारखे दिसते. प्रस्तुत लेखकाच्या प्रतिकृतीवर पिवळा पट्टा आणि त्यावर गडद लाल रंग असे दोन्ही थर नीट चढले होते. पण पट्टा झाकण्यासाठी लावलेली मास्किंग टेप ओढताच तिच्यासोबत पिवळा रंग आणि त्याखालचे अस्तर सायीसारखे सलग निघून आले आणि खाली राळेचा मूळ फिकट पृष्ठभाग उघडा पडला. तीन आठवड्यांचे काम एका क्षणात गेले, आणि ते वाचवण्यासाठी लागणारे श्रम पाव तासाचेही नव्हते. भांडी घासण्याचा द्रव साबण, कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश एवढ्यावर हा थर निघतो. त्यानंतर भाग स्वच्छ पाण्यात खळबळून रात्रभर वाळू द्यावेत आणि पुढे ते हातमोजे घालूनच धरावेत, कारण बोटांचा घामही तेच नुकसान करतो. याच वेळी वाकलेला पायफळीचा भाग गरम पाण्यात नरम करून सपाट काचेवर दाबून थंड केल्यास सरळ होतो.

दुसरी चूक थिनरची होती. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारे एनसी थिनर गाड्यांच्या आणि लाकडी सामानाच्या रंगासाठी असते, आणि त्यातील द्रावके पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकला विरघळवतात. बोग्यांच्या, म्हणजे चाकांच्या चौकटींच्या, बाजू याच प्लॅस्टिकच्या होत्या. त्यांवरील स्प्रिंगांचे आणि आसपेट्यांचे बारीक नक्षीकाम त्या थिनरने मेणासारखे मऊ होऊन पसरले आणि पुन्हा उभे करता आले नाही. कोणताही रंग वा द्रावक आधी संचातील सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या टाकाऊ प्लॅस्टिकच्या तुकड्यावर लावून दिवसभर पाहावा. ही द्रावके श्वासालाही घातक असल्याने काम मोकळ्या हवेत आणि योग्य मास्क लावूनच करावे. सुपरग्लूची वाफ बंद केबिनमध्ये कोंडली तर खिडकीच्या काचांवर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते, म्हणून काचा सर्वांत शेवटी आणि वेगळ्या, पारदर्शक सुकणाऱ्या गोंदाने बसवाव्यात.

रंगाच्या जाडीचा विचार नवखा कारागीर सहसा करत नाही. प्रतिकृतीवरील रंगाचा एक दशांश मिलिमीटरचा थर मूळ इंजिनावर जवळजवळ नऊ मिलिमीटरचा ठरतो, आणि एवढ्या जाडीत हवा आत घेणाऱ्या जाळीच्या फटी बुजतात. तीन सेंटिमीटर व्यासाचा कठडा येथे मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा असतो, तो दीडपटीहून जाड दिसू लागतो. म्हणून रंग दुधाइतका पातळ करून एअरब्रशने, म्हणजे दाबाच्या हवेने रंगाचे तुषार उडवणाऱ्या लेखणीवजा साधनाने, अनेक विरळ हात द्यावेत. पिवळा रंग करड्या अस्तरावर मळकट दिसतो. त्याखाली पांढरा हात द्यावा आणि फिकट रंग आधी, गडद नंतर हा क्रम मोडू नये.

इंदूरच्या हवेचा हिशेब परदेशी पुस्तकांत सापडत नाही. श्रावणातील दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि चकाकणारा रंग दुधी पडतो. याउलट वैशाखातील कोरड्या उन्हाळ्यात रंगाचे तुषार पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतात आणि प्रतिकृतीच्या अंगावर पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा येतो. पहिल्या प्रयत्नाचे रंगकाम भर पावसाळ्यात केलेले होते. दुसऱ्या वेळी धुणे, जोडणी आणि लांबी, म्हणजे फटी बुजवणारी पुट्टी, घासण्याचे काम पावसाळ्यात उरकून रंग दिवाळीनंतर दिला, आणि टेप काढताना पट्ट्याची कड सरळ, अखंड निघाली. मास्किंग टेपच्या कडेवर आधी खालचाच पिवळा रंग एकदा फिरवला होता. फटींतून झिरपला तर तोच रंग झिरपतो आणि लाल रंगाला वाट उरत नाही, ही युक्ती फार मोलाची आहे.

एक अडचण मात्र कौशल्याने सुटत नाही. इंजिनांचे रंग त्यांच्या देखभालीच्या शेडनुसार आणि काळानुसार बदलत गेले, त्यामुळे 'वायडीएम-४ चा रंग' असा एकच रंग सांगता येत नाही; विशिष्ट क्रमांकाचे इंजिन विशिष्ट वर्षी कसे होते हे छायाचित्रच सांगू शकते. अशा छायाचित्रांचे मोल आता वाढले आहे, कारण इंदूरजवळच्या महूपासून पुढचा मीटरगेज मार्ग २०२३ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला आणि त्या वाटेची आठवण आता २०१८ मध्ये सुरू झालेल्या पातालपाणी-कालाकुंड वारसा गाडीपुरती उरली आहे. ज्या घरांत महू, इंदूर किंवा खंडवा स्थानकावर काढलेली जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी त्यांतील इंजिनाचा क्रमांक वाचून तो वर्षासह मागील बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवावा.