आग थांबली म्हणजे आजार गेला असं नाही

आमच्याकडे लघवीला जळजळ झाली की आधी धने आठवतात. रात्री भिजवायचे, सकाळी कुस्करून, गाळून, खडीसाखर घालून प्यायचे. जोडीला सब्जा, वाळ्याचं पाणी. फारच झालं तर गोखरूचा काढा. ‘उन्हाळी लागलीय, उतरेल’ एवढं निदान पुरतं. माझ्या जावेलाही मे महिन्यात याने बरं वाटलं आणि ती कामाला लागली. मग एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, कमरेच्या वर एका बाजूला ती हात लावू देईना. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. दवाखान्यात राहून शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागलं.

धन्यांना मी दोष देत नाही. पाणी जास्त गेलं की लघवी पातळ होते, आग कमी होते. जंतू मात्र आत राहू शकतात. बहुतेकदा ते आपल्याच आतड्यातले, ई. कोलाय. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे मूत्राशय त्यांना जवळच. त्यात बाहेर धड स्वच्छतागृह नसतं म्हणून आपण मुद्दाम पाणी कमी पितो, तासन्‌तास लघवी धरून ठेवतो.

तेव्हा धन्याचं पाणी खुशाल प्या, पण लघवीची तपासणी टाळू नका. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, सांगितलं तर नमुना अँटिबायोटिक घेण्याआधी द्या. पहिली धार सोडून मधली, लॅबच्या स्वच्छ डबीत. कपाटात उरलेल्या जुन्या गोळ्या घेणं हा तर काढ्याहून वाईट घरगुती उपाय! थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलटी, लघवीत रक्त, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाई, मधुमेही, लहान मूल आणि पुरुष यांच्या बाबतीत तर नुसती जळजळ असली तरी थांबू नका.

हल्ली क्रॅनबेरीच्या महागड्या बाटल्या दिसतात. वरचेवर संसर्ग होणाऱ्या बायकांना तो पुन्हा होण्याचा धोका क्रॅनबेरीने कमी होतो, असं कॉक्रेन या संस्थेच्या २०२३च्या संशोधन-आढाव्यात दिसलं. झालेला संसर्ग बरा करण्याचं ते औषध नव्हे. आणि मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी उन्हाळीवर घेतलं जाणारं शहाळ्याचं पाणीही डॉक्टरांना विचारूनच प्यावं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.