घाट लागला की क्रूझ बंद, ऐकलंस ना?

नव्या गाडीचं अभिनंदन गं! आता दर आठवड्याला कर्जत-पुणे-कर्जत, तेही एकटीनं, म्हणून तू मुद्दाम एडासवाली, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेची गाडी घेतलीस. चांगलं केलंस. पण शोरूममधल्या मुलानं सांगितलेलं ते ‘मॅडम, हायवेला गाडी आपली आपण चालते’ हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाक. पुढचं सगळं त्यानंतर बोलू.

बघ, गाडीच्या स्वयंचलितपणाच्या 0 ते 5 अशा पायऱ्या धरतात. आपल्याकडे बाजारात एडास म्हणून जे मिळतं ते फार तर दुसऱ्या पायरीवरचं असतं. ती गाडी क्रूझवर वेग धरून ठेवते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, पट्ट्यांच्या मध्ये राहायला स्टिअरिंगला हलका हात लावते आणि धडक होतेय असं वाटलं तर ब्रेक मारते. रस्त्यावर नजर ठेवायचं काम मात्र शंभर टक्के तुझं. कंपनीच्या पुस्तिकेतही हेच छापलेलं असतं, आणि काही विपरीत घडलं तर पोलिसांच्या कागदावर चालक म्हणून तुझंच नाव लागतं.

खरं सांगू का, मला भीती यंत्राची नाही, माणसाच्या मनाची वाटते. दूध तापत ठेवून नुसतं बघत उभं राहिलं की मन भरकटतं, आणि नेमकी मान वळली की ते उतू जातं. गाडीचंही तसंच आहे. हातांना काम असतं तोवर लक्ष टिकतं. काम काढून घेऊन नुसती राखण करायला सांगितलं, की दहा मिनिटांत हात मोबाईलकडे जातो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात 18 मार्च 2018 च्या रात्री एका चाचणीच्या स्वयंचलित गाडीनं सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती गेली. त्या गाडीत लक्ष ठेवायलाच बसवलेली चालक मोबाईलवर कार्यक्रम बघत होती. पुढे डिसेंबर 2023 मध्ये टेस्ला कंपनीला तिथे वीस लाखांहून जास्त गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं, कारण चालकाचं लक्ष रस्त्यावर राहावं म्हणून गाडीत केलेली सोय पुरेशी नव्हती. आखीव रस्ते आणि ठळक पट्टे असलेल्या देशातली ही गोष्ट आहे, बरं का.

आता आपल्या रस्त्याकडे ये. पळसदरीवरून खोपोलीला येऊन तू घाट चढणार. तिथे उजव्या-मधल्या लेनमध्येसुद्धा भरलेले ट्रक गोगलगायीसारखे रांगत असतात, एखादा बंद पडलेला असतो, आणि त्याच्यामागे खूण म्हणून झाडाची फांदी नाहीतर चार दगड. पुढे चालणारी गाडी तुझ्या गाडीच्या रडारला छान कळते. पण कठडे, पाट्या, पूल अशा जागच्या जागी असलेल्या शेकडो गोष्टींवरूनही लहरी परत येतात. प्रत्येकीला घाबरून गाडी ब्रेक मारत बसली तर चालवताच येणार नाही, म्हणून बऱ्याच यंत्रणा स्थिर वस्तूंना कमी भाव देतात. त्यामुळे वेगात असताना थांबलेला ट्रक तिला वेळेत कळेलच याची खात्री नाही. वळणावर आणखी एक गंमत होते, आणि ती अजिबात गमतीची नाही. पुढचा ट्रक वळला की रडारच्या नजरेतून निसटतो, गाडीला वाटतं रस्ता मोकळा झाला, आणि ती तू लावलेल्या वेगाकडे झेपावते. घाटाच्या वळणावर हे नको गं बाई. म्हणून चढ दिसायला लागला की क्रूझ बंद, लेनचं स्टिअरिंगही बंद.

उतरताना तर जास्तच सांभाळ. खंडाळ्याहून खाली येताना वेग ब्रेकवर नाही, खालच्या गिअरवर धरायचा. गाडी ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडवर घेऊन खालचा गिअर टाक. न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांचं ऐकू नकोस, कुणी कितीही पेट्रोल वाचवलेलं सांगो. आणि आरशात बघत जा! जुलै 2025 मध्ये एक्सप्रेस वेवर आडोशी बोगद्याच्या परिसरात ब्रेक निकामी झालेला कंटेनर वीसेक गाड्यांवर आदळला, त्यात एका बाईचा जीव गेला. मागून येणाऱ्या अशा धोंडीपासून कुठलंच एडास तुला वाचवत नाही. उताराला मागे अवजड वाहन दिसलं की त्याच्या रेषेतून बाजूला हो, आणि पुढची रांग थांबलेली दिसली की लांबूनच चारही इंडिकेटर लाव.

पावसाळ्यात खोपोलीचा पाऊस तुला मी काय सांगणार! पट्टे पाण्याखाली जातात, धुकं उतरतं, आणि गाडीचा डोळाच झाकला जातो. तो डोळा कुठे असतो माहीत आहे ना? पुढच्या काचेला, मधल्या आरशाच्या मागे, शर्टाच्या बटणाएवढं काळं भिंग आहे बघ. त्याच्यासमोरची काच आतून बाष्पानं धुरकटली, बाहेरून चिखल उडाला, नाहीतर वायपरचं रबर तिथेच फाटलेलं असलं, की गाडी आंधळी. निघायच्या आधी तेवढी जागा कोरड्या फडक्यानं आतून-बाहेरून पूस. रडार बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागे किंवा बंपरात असतं. दसऱ्याला गाडीची पूजा कर, झेंडूचं तोरण हौसेनं बांध, पण एक्सप्रेस वेला लागण्याआधी ते जाळीवरून काढून ठेव. देवाला राग नाही येत त्याचा.

कर्जत-नेरळ, कडाव, मुरबाडकडचे रस्ते हा वेगळाच प्रकार. पट्टे असले तर असले, दिवा नसलेली मोटारसायकल, म्हशी, अंधारात कडेनं चालणारी माणसं. तिथे क्रूझ लावायचीच नाही. पण एक चूक करू नकोस. सारखं टीं-टीं वाजतं म्हणून वैतागून काही जणी सगळंच बंद करून टाकतात. आपोआप ब्रेक लागण्याची सोय आणि बाजूचं वाहन दाखवणारी सूचना कायम चालू ठेव. त्या तुझं काम हिसकावून घेत नाहीत, नजर चुकली तर मदतीला येतात.

आता झोपेचं बोलते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. पहाटे दोन ते सहा आणि दुपारच्या जेवणानंतर शरीर झोप मागतंच, कितीही कणखर असलीस तरी. राजकीय नेते विनायक मेटे यांच्या गाडीचा माडप बोगद्याजवळचा अपघात 14 ऑगस्ट 2022 च्या पहाटेचा. गोरेगावच्या ढोल-ताशा-झांजवाल्या मुलांची बस जुन्या घाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ दरीत गेली, तेरा जण गेले, तीही 15 एप्रिल 2023 ची पहाटच. दोन्हींची कारणं वेगळी असतील, पण वेळ बघ. ताशी 100 च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरच्या वर डोळे मिटून प्रवास.

आणि यात नव्या गाडीनं एक अडचण वाढवली आहे. पूर्वी पेंग आली की गाडी लेनमध्ये डगमगायची, त्या हेलकाव्यानंच आपण दचकून जागे व्हायचो. आता ती सरळच जात राहते, त्यामुळे आपण पेंगतोय हे आपल्यालाच उशिरा कळतं. म्हणून खुणा लक्षात ठेव. मागचा फलक काय होता ते आठवत नाही, टोलनाका कधी गेला कळलं नाही, एकसारखी जांभई येतेय, तर पुढचा फूड मॉल येताच आत शीर. कॉफी पी आणि लगेच दारं लॉक करून पंधरा-वीस मिनिटं झोप. कॉफीचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर पाच मिनिटं चाल, तोंड धू, मगच किल्ली. काच खाली करून गाणी मोठ्यानं लावण्यानं झोप जात नाही गं, फक्त गेल्यासारखी वाटते.

अजून दोन गोष्टी. स्टिअरिंगवर हात ठेवा अशी गाडीची सूचना चुकवायला पाण्याची बाटली अडकवायची युक्ती कुणी व्हिडिओत दाखवली तर तो व्हिडिओ तिथेच बंद कर. आणि आईला मागे बसवलंस तर तिलाही बेल्ट लाव, ‘मागे कशाला’ असं ती म्हणणारच. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीजवळच्या अपघातात गेलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्याच सीटवर होते, बेल्ट न लावता.

घाबरलीस का? नको घाबरू. कर्जत स्टेशनबाहेरच्या संध्याकाळच्या गर्दीतून स्कूटी काढणाऱ्या पोरीला हे जड नाही. फक्त सगळं एका दिवसात शिकायला जाऊ नकोस. एखाद्या रविवारी सकाळी, कोरड्या रस्त्यावर, शेजारी कुणाला तरी बसवून खालापूर टोलनाक्यावरून पनवेलकडच्या सपाट रस्त्याला जा. आधी फक्त क्रूझ लावून बघ. तिची सवय झाली की मग लेनचं. दोन्ही बंद करायची बटणं न बघता अंगठ्यानं सापडेपर्यंत सराव कर. ब्रेक दाबला की क्रूझ सुटते, पण लेनची मदत काही गाड्यांत चालूच राहते, तुझ्या गाडीत काय होतं ते पुस्तिकेत वाच. या शुक्रवारी पुण्याला निघण्याआधी तेवढी चार पानं वाचून ठेव, आणि काही अडलं तर मला विचार, गाडी बाजूला लावून.