शोकाकुलांजवळ बसण्याचे शिक्षण
शास्त्रपाठ : ईयोब २:११–१३

मुळशी तालुक्यातील उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी जंतुनाशक रसायनाच्या कारखान्यास आग लागून १७ कामगार मृत्यू पावले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. प्रेतांची ओळख पटेना, म्हणून ती पुण्यास ससून रुग्णालयात नेण्यात आली, आणि डीएनए तपासणी होईपर्यंत आप्तांस वाट पाहावी लागली. अशा मनुष्याजवळ जाऊन आपण काय बोलावे, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तोवर त्यांचे सांत्वन खरे होते. पुढे ते बोलू लागले, दुःखाचे कारण शोधू लागले, आणि पीडितासच दोषी ठरवू लागले. ते दुष्ट नव्हते. प्रेमानेच आले होते. यावरून आम्हांस दिसते की, सांत्वनास प्रेम हवेच, पण ते कसे करावे हे शिकावेही लागते.

ज्या पाळकाची मंडळी देवळात नसून रुग्णालयात, तुरुंगात किंवा लष्करी छावणीत असते, त्यास चॅप्लेन म्हणतात. त्याच्या शिक्षणास नवे वळण देणाऱ्यांत अँटन बॉयसन हे अमेरिकन पाळक प्रमुख होत. ते स्वतः मनोरुग्णालयात रोगी म्हणून राहिले होते. १९२५ साली वूस्टर येथील मनोरुग्णालयात त्यांनी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस नेले व सांगितले की, ग्रंथ वाचता तशीच ही जिवंत माणसेही लक्षपूर्वक वाचावयास शिका.

आजही पदवीनंतरच्या या अभ्यासात विद्यार्थी रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहून काढतो व गुरू आणि सोबत्यांपुढे वाचतो. मग त्यास कळते की, 'रडू नका' हे आपण रुग्णासाठी नव्हे, तर स्वतःची भीती झाकण्यासाठी बोललो. परधर्मीय मनुष्याच्या दुःखाचा आपल्या उपदेशासाठी लाभ घेऊ नये, हेही तो शिकतो. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात असे शिक्षण मिळते. पुण्यासही युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. १९५३ साली यवतमाळ येथे निघालेली ही संस्था १९८३ साली पुण्यास आली.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीतील एखाद्या तरुणास अथवा तरुणीस या सेवेचे पाचारण असेल, तर 'हिला देऊळ कोणते मिळणार?' असे विचारून तिचे मन मोडू नका. आणि उद्या शेजारच्या घरी मरण आले, तर कारणे सांगावयास जाऊ नका. पाण्याचा तांब्या घेऊन जा, व जवळ बसा.

विचारासाठी प्रश्न
१. ईयोबाच्या मित्रांनी प्रथम काय योग्य केले?
२. त्यांची चूक कोठे झाली?
३. आपल्या गावात या आठवड्यात कोणाजवळ जाऊन बसणे अगत्याचे आहे?