नवी मधमाश्यांची वसाहत पेटींत स्थिर कशी करावी?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत मोसंबी, सूर्यफूल किंवा बियाण्याचा कांदा लावणाऱ्या शेतकऱ्यांस मधमाश्यांचें साहाय्य मोलाचें आहे. ढोलींतील सातेरी माश्या पेटींत भरणें फारसें अवघड नाहीं. त्या तेथें टिकविणें हेंच खरें काम होय. वेरूळ-अजिंठ्याच्या कड्यांवरील आग्या माशी उघड्यावर एकच पोळें बांधते व पेटींत नांदत नाहीं. तिच्या वाटेस जाऊं नये.

माश्यांना नव्या घरीं बांधून ठेवतात तीं त्यांचीं पिलें. म्हणून जुन्या पोळ्याचा अंडीं व अळ्या असलेला भाग सुरीनें कापून, त्याची वरची बाजू वरच ठेवून, चौकटीस दोऱ्यानें बांधावा. माश्या लवकरच तो मेणानें जोडून घेतात. मधाचा भाग पेटींत घालूं नये. ठिबकलेल्या मधावर मुंग्या व परक्या माश्या तुटून पडतात.

राणी पेटींत गेली कीं बाकीच्या मागोमाग येतात. रानांत गेलेल्या माश्या परताव्या म्हणून पेटी अंधार पडेपर्यंत तेथेंच ठेवावी व मग हलवावी. नवी जागा दोन मैलांपलीकडे असावी. जवळ असल्यास माश्या सवयीनें जुन्या ढोलीकडे जातात.

पेटी झाडाच्या सावलींत, पाण्याजवळ, घोडीवर ठेवावी. घोडीचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहींत. दारास राणी अडविणारी जाळी लावावी. तींतून कामकरी माशी जाते, राणी जात नाहीं, आणि राणीवांचून वसाहत सहसा घर सोडीत नाहीं. नव्या पोळ्यांत अंडीं दिसतांच जाळी काढावी, कारण नरही तींत अडकून मरतात.

पहिले पांच-सहा दिवस पेटी उघडूं नये. साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक रोज सायंकाळीं पेटीच्या आंत ठेवावा. दिवसा दिल्यास लुटालूट होते. कामकरी माश्या पायांवर पराग आणूं लागल्या कीं पिलें वाढत आहेत, म्हणजेच वसाहत रुळली, असें समजावें.

हें काम पावसाळ्यानंतर फुलोऱ्याच्या दिवसांत करावें. उन्हाळ्यांत फुलें व पाणी आटल्यावर धरलेली वसाहत बहुधा पळून जाते. तसेंच फुलोऱ्यावरील पिकावर दिवसा विषारी औषध फवारूं नये; नाहींतर सर्व श्रम एका दिवसांत व्यर्थ जातील. प्रत्यक्ष शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्यांसाठीं पुणें येथें 1962 सालीं स्थापन झालेली केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.