बियाण्याच्या पोत्याला उंदीर लागण्याआधी

मैत्रिणींनो, पेरणीसाठी राखलेलं बियाणं उंदरानं फोडलं, तर ऐन मृगात गटाकडे कर्ज मागायची पाळी येते. म्हणून आधी त्याची वाट बंद करा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरउंदीर आत येतो. भोकात चिंधी कोंबून उपयोग नाही, ती तो कुरतडतो. काचेचे तुकडे आणि सिमेंट भरा, दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळीवर ठेवा. लेंड्या लगेच दिसतात.

पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवू नका. उंदीर भिंतीच्या कडेकडेनं पळतो, तिथंच लावा. पहिल्या दोन रात्री शेंगदाणे किंवा सुकट नुसतीच ठेवा, चाप ओढू नका. त्याची भीड चेपली की तिसऱ्या रात्री ओढा.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मात्र घरात नकोतच, कुणी कितीही सांगू दे. हवेतली ओल लागली तरी त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. शेजारच्या खोलीत झोपलेली लेकरंसुद्धा दगावतात आणि त्यावर उतारा नाही.

लेंड्या कोरड्या झाडू नका. साबणाचं पाणी शिंपडा, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. पायाला जखम असेल तर जास्तच जपा.