पापक्षमेचे मोल
शास्त्रपाठ : रोम. 3:21–28, इफिस. 2:8–10

चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव ठरतो. पापक्षमेचा भाव कोण ठरविणार? जर्मनीत पापदंडाच्या माफीची पत्रे पैसे घेऊन देत असत. त्यांविरुद्ध मार्टिन ल्यूथर यांनी सन 1517 त 95 कलमे लिहिली. पुढे त्यांनी शिकविले की, मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. सत्कर्मे ही त्या विश्वासाची फळे होत. सन 1547 त ट्रेंट येथील सभेत रोमी मंडळीने "केवळ विश्वासाने" हे मत नाकारिले; तथापि कृपेवाचून तारण नाही, हे तिनेही मानिले. इतके न्यायाने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रियहो, आपण नवस सोडिले. परंतु उपासनेत मूठभर धान्य अर्पिताना "आता देवाने आमचे ऐकलेच पाहिजे," असे मनात म्हणतो काय? तर तो सौदाच झाला. क्षमा मिळावी म्हणून नव्हे, ती मिळाली म्हणून द्यावे.