राहत्या घराची मजबुती

नवे घर बांधणे हे एक काम आहे. आणि ज्या घरात चूल पेटते, लेकरे निजतात व वर्षाची ज्वारी साठवलेली आहे, तेच घर उकलून पुन्हा बळकट करणे हे अगदी निराळे काम आहे. पहिल्यात गवंडी म्हणेल ते चालते, कारण तेथे अद्याप कोणी राहत नाही. दुसऱ्यात गवंड्याची सोय व घरच्या माणसांची सोय यांचा रोज सकाळी झगडा होतो, आणि त्या झगड्यात जे काम डोळ्यांस दिसत नाही तेच बहुधा राहून जाते. याचे उदाहरण शोधावयास आपल्या जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक घरी परतले व निजले. लातूर आणि आपला उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या दोन जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाली. सरकारी गणनेप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्यू पावली. आपल्याकडे सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावे जमीनदोस्त झाली. आता हे ध्यानात घ्यावे की, भूकंपाचे माप सहा अंशांहून थोडेसेच अधिक होते. सहा ते सात अंशांचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून अधिक होतात, व पुष्कळ ठिकाणी त्यांत फारसे कोणी मरत नाही. मग येथेच इतकी माणसे का गेली? बहुतेक माणसे आपापल्या घराखाली सापडून गेली. म्हणून आधी त्या घराचा अभ्यास केला पाहिजे.

आपल्या भागातील जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड, कधी त्याहूनही जाड असते. पाहणारास वाटते, एवढी जाड भिंत हलणार ती कशी? परंतु ती भिंत खरोखर एक नसून दोन असतात. आतल्या बाजूस दगडांचा एक थर, बाहेरच्या बाजूस दुसरा, आणि मध्ये खडे व चिखल यांची भर. दोन्ही थरांस एकत्र धरून ठेवील असा आरपार पोचणारा लांब दगड त्यांत क्वचितच घातलेला असतो. पावसाचे पाणी आत मुरते, मधली माती खाली बसते, आणि काही वर्षांनी भिंत पोट काढते. हे पोट आपण रोज पाहतो आणि त्यावर सारवण घालतो! धक्का बसला म्हणजे दोन थर एकमेकांपासून सुटतात व दगड आतबाहेर ढासळतात.

दुसरी गोष्ट माळवदाची. उन्हाळ्यात माळवदाच्या घरात जो गारवा असतो तो पत्र्याखाली नाही व स्लॅबखालीही नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. पण दरवर्षी पावसापूर्वी गळती थांबवण्यास त्यावर माती चढत जाते, आणि जुनी माती कोणी उतरवीत नाही. आजोबांनी टाकलेली, बापाने टाकलेली व आपण टाकलेली, अशी तिन्ही पिढ्यांची माती एकाच तुळईवर बसते. याचा हिशोब पाटीवर करून पाहावा. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर दीड फूट माती असेल तर ती १८० घनफूट झाली. तिचे वजन आठ टनांच्या आसपास भरते. तीच माती आठ इंचांवर आणली तर ८० घनफूट उरते, म्हणजे साडेतीन टनांच्या जवळपास. साडेचार टन ओझे केवळ फावड्याने व घमेल्याने कमी होते; त्यास सिमेंट लागत नाही, लोखंड लागत नाही. माझ्या मते राहत्या घराच्या मजबुतीत याहून स्वस्त व याहून मोलाचे काम दुसरे नाही.

तिसरी गोष्ट आशेची आहे. ज्या घरांत लाकडी खांब व तुळया यांचे खण पक्के होते, तेथे कित्येक ठिकाणी भिंती पडल्या तरी माळवद खांबांवर उभे राहिले. यावरून जुने सर्वच टाकाऊ नाही हे कळून येते. परंतु भूकंपानंतर लोकांच्या मनात दगड-मातीचे असे भय बसले की, चांगल्या खणाच्या घरासही कोणी भरवशाचे म्हणेना. कित्येक कुटुंबे महिनोन्महिने अंगणात निजत असत. स्वयंपाक मात्र त्याच घरात, धान्य त्याच घरात.

सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून जे पुनर्वसन हाती घेतले त्यात गावांचे वर्ग केले होते. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली; काही गावांची घरे मूळच्या जागीच नव्याने बांधली. तिसरा वर्ग सर्वांत मोठा होता. त्यात अनेक जिल्ह्यांतील लाखाहून अधिक घरे आली. ती पाडावयाची नव्हती, तर जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करावयाची होती. हे काम घरमालकाने स्वतः करावे, सरकारने पैसा हप्त्याहप्त्याने द्यावा व अभियंत्याने रीत दाखवावी, अशी योजना होती. नव्या गावांची छायाचित्रे पुष्कळ निघाली. या तिसऱ्या वर्गातील माणसे आपल्याच घराच्या धुरळ्यात भाकरी थापीत होती, त्यांची हकीकत फारशी कोणी लिहिली नाही.

या कामी लोक व सरकार यांच्यामध्ये दुवा असावा म्हणून प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे जबाबदारी देण्यात आली, आणि गावोगाव स्त्रियांस संवाद सहाय्यक नेमण्यात आले. हे योग्यच झाले. घर कोठे गळते, कोणत्या कोपऱ्यातून माती झडते, कोणत्या भिंतीतील बळदात धान्य आहे, हे पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक ठाऊक असते. पुरुष पारावर असतो. भिंतीशी बाईचा संबंध रोजचा.

तरीही एक उणीव राहिली, आणि ती आपणांस आजही बाधते. मिळालेल्या पैशांत जुने घर मजबूत करण्याऐवजी अनेकांनी त्याच्या शेजारी एक नवी पक्की खोली उठवली. नवी खोली दिसते. पाहुण्यास दाखवता येते. भिंतीच्या पोटात घातलेला आरपार दांडा कोणास दाखवावा? त्यांचा दोष काढणे हा माझा हेतू नाही, कारण भ्यालेल्या माणसास नवे बांधकामच धीर देते. पण त्या नव्या खोलीत जर पोती व पेट्या राहणार असतील, आणि उन्हाळ्यात उकाडा होतो म्हणून म्हातारी माणसे व लेकरे जुन्या माळवदाखालीच निजणार असतील, तर मजबुती कोणाच्या वाट्यास आली? पोत्यांच्या! आपल्या गावात अशी घरे आहेत की नाहीत, हे वाचकांनी स्वतः पाहावे.

आता राहत्या घरात हे काम करावे कसे? प्रथम वेळ निवडावी. पावसाळा अर्थातच नाही. चैत्र-वैशाखात माणूस मोकळा असतो, पण विहिरी आटलेल्या असतात, आणि सिमेंटच्या कामास निदान सात-आठ दिवस पाणी मारलेच पाहिजे. ज्या घरी पिण्याचे पाणी टँकरने येते तेथे पट्ट्यावर पाणी मारावयास कोण देईल? तहानलेले काँक्रीट कच्चे राहते. म्हणून खरीप निघाल्यावर दिवाळीनंतरचे दोन महिने बरे, असे मला वाटते. घरात दहावीचे मूल असेल तर परीक्षेचा फाल्गुन टाळावा. सून बाळंत व्हावयाची असेल तर काम पुढे ढकलावे. भिंत सहा महिने थांबू शकते.

मग घर एकदम उकलू नये. एका वेळी एकच खण किंवा एकच खोली घ्यावी. ती रिकामी करताना आधी धान्य, मग अंथरूण-पांघरूण, मग भांडी. बळद भिंतीतच असेल तर ते पूर्ण रिते केल्यावाचून त्या भिंतीस हात लावू देऊ नये. चूल पहिल्याच दिवशी बाहेर हलवावी, आणि ती कोठे मांडावयाची हे गवंड्याने नव्हे, स्वयंपाक करणारीने ठरवावे. विजेची तार व मीटर त्याच भिंतीवर असेल तर आधी वीज बंद करवून घ्यावी. दगडांच्या फटींत विंचू असतात, सापही असतात. म्हणून निघालेल्या दगडांचा ढीग निजण्याच्या जागेपासून दूर रचावा. वृद्ध व आजारी यांस ते आठ-पंधरा दिवस शेजारी किंवा मंडळीतील एखाद्या कुटुंबाने आपल्याकडे ठेवून घ्यावे. पैशाची मदत करणे ज्यास शक्य नाही त्यास एक खाट देणे शक्य असते.

कामाचा क्रम असा. तुळयांखाली धिरे लावावेत. मग माळवदाची माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी. एकीकडचे ओझे काढून दुसरीकडे ढीग केला तर घर कलते. उतरवलेली माती भिंतीस टेकून टाकू नये. खांब व तुळई जेथे मिळतात तेथे दोहोंस धरणारा तिरपा लाकडी आधार ठोकावा. त्यानंतर भिंत. सुमारे तीन-तीन फुटांवर एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करावे, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरावे. एक भोक भरल्यावाचून शेजारचे पाडू नये. शेवटी दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून घराभोवती सळयांचा सलग पट्टा घ्यावा. पेटीस जसा दोर बांधतात तसा तो चारही भिंतींस बांधतो, आणि कोपऱ्यात तुटला तर त्याचा काही उपयोग नाही. या रीतींचे मार्गदर्शन भारतीय मानक ब्यूरोने १९९३ सालीच छापले आहे. तालुक्याच्या अभियंत्याकडे चौकशी करावी.

हे काम उक्ते देऊ नये. उक्ते घेणारा गवंडी दिवस वाचवतो, आणि दिवस वाचतो तो नेमका भोके भरण्यात व पाणी मारण्यात. रोजावर लावावे, व घरातील एका माणसाने भोके मोजून घ्यावीत. ज्या खणाचे काम अर्धे राहिले असेल त्याखाली रात्री कोणीही निजू नये, ‘एकच रात्र’ म्हणूनही नाही.

गिलावा वाळला व चूल पुन्हा आत आली म्हणजे लोक समजतात, काम संपले. पुढच्या ज्येष्ठात एखाद्या कोपऱ्यात गळती होईल आणि माती टाकण्याची सवय पुन्हा जागी होईल. त्या वेळी आधी गळका भाग उकरून जुनी माती उतरवावी, मगच नवी घालावी. माळवदाच्या कडेला आठ इंचांची एक खूण कायमची करून ठेवावी, आणि ती कशाची आहे हे घरातील लेकरांसही सांगून ठेवावे.